केसाएवढी रेघ

गिऱ्हाईक दारात आलं की तुळसाक्का आधी आत जाऊन पाणी पिऊन यायची. भीतीनं तिचा घसा कोरडा पडायचा. मग बाहेर येऊन ती पदराला हात पुसायची आणि समोर ठेवलेलं लोखंड उचलायची. हात थरथरत असायचे. पण एकदा का ती बघायला लागली, की ती थरथर कुठं जायची कुणास ठाऊक. रामनगरात लोक म्हणत, पाल पडली तरी ही बाई शेजारच्या घरात जाऊन बसते, हिला धंदा कसा जमतो?

धंदाही असा, की तालुक्यात कुणी ऐकलेला नव्हता. जुन्या, शर्यतीच्या मोटारींच्या इंजिनांचे सुटे भाग ती पारखायची आणि विकायची. गोव्यात पोर्तुगीज होते तेव्हा युरोपातल्या कसल्या कसल्या दोन माणसांच्या, बुटक्या, वेगवान गाड्या तिथं बोटीनं उतरत. राज्य गेलं, मालक गेले, आणि त्या गाड्या गोठ्यांत, माडांखाली गंजत पडल्या. तुळसाक्काचा नवरा यल्लाप्पा मडगावच्या एका गॅरेजात मिस्त्री होता. गाडी गेली तरी तिचं इंजिन सगळं जात नाही, हे त्याला कळलं होतं. तो ते भाग सोडवून अनमोडचा घाट चढवून इकडं आणायचा, नीट करायचा आणि हौशी लोकांना विकायचा. तो वारल्यावर लोकांना वाटलं, बाई आता सगळं भंगारवाल्याला घालेल. तिनं घातलं नाही. बारा वर्षं त्याच्याशेजारी बसून तिनं रॉकेलमध्ये ते भाग धुतले होते.

मी त्या वेळी खानापुराहून रामनगरच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायला आले होते. सुप्याचं धरण भरून तीन-चार वर्षं झाली असतील. पाण्याखाली गेलेल्या गावांतली माणसं नव्या वसाहतीत अजून एकमेकांची घरं ओळखायला शिकत होती. माझी भाड्याची खोली आणि तुळसाक्काची पत्र्याची शेड, मध्ये फक्त रस्ता.

पहिल्या आठवड्यातच ती माझ्या दारात आली. उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिली.

"बाई, शाळंतला खडू मिळंल काय? दोन कांड्या बास."

मला वाटलं घरात कुणी शाळकरी मूल असेल. दिला. दुसऱ्या दिवशी बघते तर ती पाट्यावर खडू वाटत बसलेली. मी विचारलं तेव्हा तिनं मला आत बोलावलं आणि दाखवलं. एक लोखंडी दांडा दिवसभर रॉकेलमध्ये बुडवून ठेवला होता. तिनं तो बाहेर काढला, फडक्यानं कोरडा ठक्क पुसला आणि वर खडूची पूड भुरभुरवली. आम्ही दोघी बघत बसलो. थोड्या वेळानं त्या पांढऱ्या पुडीवर एक ओली, बारीक रेघ उमटली. केसाएवढी.

"चीर हाय," ती म्हणाली. "डोळ्याला दिसत न्हाई, बोटाला लागत न्हाई. पर चिरीत शिरल्यालं रॉकेल भाईर येतंय. आता ह्यो कुणाच्या गाडीत जायाचा न्हाई."

तिनं तो दांडा कोपऱ्यातल्या पिंपात टाकला. त्या पिंपाला तिनं वरून पत्रा ठोकून फक्त एक फट ठेवली होती. आत टाकता यायचं, बाहेर काढता यायचं नाही.

त्या दिवसापासून मी तिची पत्रं वाचणारी झाले. कोइमतूर, पुणे, कलकत्ता, एकदा तर थेट इंग्लंडहून पत्र आलेलं. पत्र आलं की ती ते उघडायची नाही, हातात धरून माझ्या दारात उभी राहायची, आणि मी वाचत असताना माझ्या तोंडाकडे बघायची. काही वाईट असेल तर ते आधी माझ्या तोंडावर दिसेल, अशी तिची खात्री होती. इंग्रजी अक्षर तिला येत नव्हतं, पण ओतीव लोखंडावर उठलेले आकडे तिला पाठ होते. गाड्यांना तिनं स्वतःची नावं दिली होती. वर आलेल्या डोळ्यांची ती बेडूक, लांब नाकाची ती मुंगूस, आणि जिचं इंजिन चढ्या आवाजात ओरडतं ती टिटवी. पत्रात काहीही नाव असलं तरी मी आकडा वाचला की ती म्हणायची, "टिटवीचा कार्बोरेटर मागतोय त्यो. हाय. पर एकच हाय, आनी त्याला जोडी पायजे. जोडीबिगर घेऊ नको म्हणून लिवा त्याला."

माल नीट असेल तर ती त्याला आपली खूण बांधायची. डब्याच्या पत्र्याची एक पट्टी, तिच्यावर खिळ्यानं पाडलेले तीन ठिपके. कोइमतुरात बसलेला माणूस ती पट्टी बघून डोळे झाकून वस्तू घ्यायचा.

तिच्या भीतीची मला हळूहळू ओळख झाली. ती फोनच्या घंटीला भ्यायची, खाकी कपड्याला भ्यायची, आणि सगळ्यात जास्त गोड बोलणाऱ्याला. पण मोटारीत बसायची तिला जी भीती होती ती वेगळीच. हौशी गिऱ्हाईक नवी नटवलेली गाडी घेऊन कौतुकानं यायचं, म्हणायचं, अक्का, चला, एक चक्कर मारून आणतो. ती जी मागच्या फणसाआड जाऊन उभी राहायची, ती गाडी जाईपर्यंत बाहेर यायची नाही. बसनं गेलीच कुठं तर दाराजवळच्या जागेवर, पाय पायरीकडे करून बसायची.

एकदा मडगावचे एक म्हातारे ख्रिस्ती गृहस्थ बिस्किटाच्या डब्यात एक मॅग्नेटो घेऊन आले. ठिणगी पाडणारं ते यंत्र त्यांच्या वडिलांच्या गाडीचं. घराची कौलं फुटली होती, जे मिळेल ते घेऊन परत जायचं, असं त्यांनी सांगून टाकलं. तुळसाक्का आत जाऊन पाणी पिऊन आली. मॅग्नेटो बघितलं. परत आत गेली, परत पाणी प्याली. मग बाहेर येऊन म्हणाली, "हे असलं मी सगळ्या जल्मात दोनदा बघितलंय. मला परवडायचं न्हाई. बाई पत्र लिवतील, तुमी चार आठवडं थांबा." कोइमतूरच्या माणसानं दिलेल्या किमतीत म्हाताऱ्यांचं सगळं छप्पर नवं झालं.

मी तिला विचारलं, "दोनदा पाणी कशाला प्यायलात?"

"एकदा गिऱ्हाइकाच्या भ्यानं," ती म्हणाली. "दुसऱ्यांदा माज्याच भ्यानं. मनात आलतं बाई, सस्त्यात घेऊन टाकावं."

मी तिथं तीन वर्षं काढल्यावर हुबळीचा शेट यायला लागला. शेट म्हणजे जुन्या गाड्यांचा दलाल. पांढरे कपडे, हळू आवाज, दर वाक्याला 'अक्का'. त्या पावसाळ्यानंतर तो चार कनेक्टिंग रॉड घेऊन आला. इंजिनातला पिस्टन आणि खालचा क्रँक यांना जोडणारा दांडा, तो हा. चारी एकाच गाडीचे, एका वजनाचे, वर एक ते चार आकडे ठोकलेले. असा पूर्ण संच मिळणं म्हणजे लॉटरीच. गिऱ्हाईकही तयार होतं, बेळगावचे एक डोळ्यांचे डॉक्टर. त्यांना फक्त तुळसाक्काची खूण हवी होती.

तिनं ते दोन दिवस ठेवून घेतले. तिसऱ्या दिवशी शेट आला तेव्हा चारी रॉड फळीवर ओळीनं मांडलेले होते, पांढरे. तीन नंबरच्या रॉडवर, मोठ्या तोंडाच्या जरा वर, रेघ होती.

शेटनं वाकून बघितलं. मग खिशातून रुमाल काढला आणि ती पूड पुसून टाकली.

"आता न्हाई," तो म्हणाला.

"पुसली म्हणून जाईल व्हय शेट?"

"अक्का, तुमी तीन ठिपके मारा. बाकी माझ्यावर सोडा."

तुळसाक्का आत गेली, पाणी पिऊन आली. "तीन देतो की. एक, दोन, चार. तिसरा देत न्हाई."

आमच्याकडच्या बायका 'मी देतो, मी जातो' असंच बोलतात. पण त्या दिवशी रस्त्यापलीकडून ते 'देत न्हाई' मला वेगळंच ऐकू आलं. शेट रागावला नाही. रॉड गोळा करता करता त्यानं शेडभर नजर फिरवली. "एवढा माल गोव्यातनं आलाय. कागद असतीलच तुमच्याकडं सगळ्याचे," असं म्हणाला आणि गेला.

दुसऱ्या दिवसापासून समोरच्या पानपट्टीजवळ एक माणूस येऊन बसायला लागला. चाळिशीचा, काळा, अंगानं दणकट. बोलायचा नाही. सकाळी यायचा, संध्याकाळच्या बसनं जायचा. तुळसाक्कानं शेडचं एक फळकट लावून घेतलं. जेवेना. मला शाळेत जाताना त्याच्यासमोरून जावं लागायचं. तो माझ्याकडे बघायचा तेव्हा मानेपर्यंत काटा यायचा अंगावर.

असे आठ-दहा दिवस गेले असतील. एका शुक्रवारी दुपारी पत्र आलं. बेळगावच्या डॉक्टरांचं. मी मोठ्यानं वाचायला लागले आणि मध्येच थांबले. ती माझ्या तोंडाकडे बघत होतीच.

"काय लिवलंय?"

डॉक्टरांनी आभार मानले होते. तुमच्या खुणेमुळे चारी रॉड निर्धास्तपणे घेतले, इंजिन बसवून झालं, जोयड्यापलीकडे गुंदला माझ्या सासऱ्यांच्या बागेत गाडी आहे, आम्हीही तिथंच आहोत, रविवारी सकाळी मी आणि माझी मुलगी त्याच गाडीनं घाट उतरून गोव्याला जाणार आहोत. परत येताना तुमच्याकडे येऊन पेढे देऊ.

तुळसाक्का भिंतीला टेकून खाली बसली. "मी खूण दिली न्हाई," असं दोनदा म्हणाली.

आम्ही पोस्टात गेलो. गुंदला टेलिफोन नव्हता. तार केली तरी ती पुढं टपालवाल्याबरोबरच जाणार आणि टपालवाला सोमवारी.  परत दारात आल्यावर ती म्हणाली, "बाई, सकाळी माज्यासंगट येशीला? डॉक्टर आपलीच बोली बोलत असतील. पर मोटारीची गोष्ट इंग्रजीत सांगितली की लोकास्नी खरी वाटत्या."

मी हो म्हटलं. नाही म्हणायची मला लाज वाटली, एवढंच. धाडस माझ्यात नव्हतं.

शनिवारी सकाळच्या जोयड्याच्या बसमध्ये आम्ही बसलो. बस सुटता सुटता पानपट्टीचा तो माणूस धावत आला आणि चढला. आमच्या मागं दोन बाकं सोडून बसला. जगलबेट गेलं, रान दाट झालं. खिडकीतून नुसती झाडं. मी मागं बघत नव्हते, पण त्याचं बघणं मला पाठीवर कळत होतं. तुळसाक्कानं माझं मनगट धरलं होतं. तिच्या बोटांचे वळ संध्याकाळपर्यंत राहिले.

जोयड्याला उतरलो. तोही उतरला. गुंदची बस पलीकडे उभी होती, पाच-सहा माणसं चढत होती. त्या बसमध्ये तो आमच्याबरोबर आला आणि पुढं रानात आमच्याबरोबर उतरला, तर? मी म्हटलं, "अक्का, परत जाऊया. पोलिसात सांगूया." तिनं मान हलवली. मग माझा हात सोडला आणि सरळ त्या माणसासमोर जाऊन उभी राहिली. पदर तोंडाशी धरला होता. आवाज चिरका निघत होता, पण मला सगळं ऐकू आलं.

"भाऊ, तुजं नाव काय?"

तो गडबडला. "मारुती."

"मारुती, मी गुंदला जातोय. तुज्या शेटनं जी मोटार इकली तिच्यात एक रॉड फुटणार हाय. उद्या त्या मोटारीत एक पोरगी बसणार हाय, बापासंगट. तुला काय करायला सांगितलंय मला ठावं न्हाई. करायचं तर हितं कर, लोकांम्होरं."

मारुती तिच्याकडे बघत राहिला. "मला नुसतं ध्यान ठेवायला सांगितलंय," असं काहीसं पुटपुटला. मग म्हणाला, "पोरगी केवढी हाय?"

"ठावं न्हाई."

तो बाजूला झाला. आमची बस सुटली तेव्हा तो तिथंच उभा होता, चढला नाही. तो शेटला काय सांगेल, कधी सांगेल, हा घोर पुढं आम्हाला लागलाच. पण त्या बसमध्ये तो नव्हता.

गुंदच्या वाटेवर तिनं मला नवऱ्याची, यल्लाप्पाची गोष्ट सांगितली. आजवर तिनं ती कुणाला सांगितली नव्हती. एका मुंगुसाचं इंजिन तो करत होता. रॉड तिनंच धुतले. धुताना एकावर तिला बारीक रेघ दिसली. वाटलं, ओरखडा असेल. तिनं सांगितलं नाही, कारण तो घाईत होता आणि घाईत असला की ओरडायचा. गाडी नीट झाली का बघायला तो एकटाच घाटाकडे घेऊन गेला. उतारावर रॉड तुटून इंजिनाच्या बाहेर आला, मागची चाकं जागीच जाम झाली आणि गाडी कठड्यावरून गेली.

"त्यो वरडंल म्हणून भ्यालो, बाई," ती म्हणाली. "तेवड्याशा भ्यानं."

 बस रानातून चढत होती आणि ती पाय पायरीकडे करून बसली होती.

डॉक्टरांच्या सासऱ्यांचं घर सुपारीच्या बागेत होतं. अंगणात ती गाडी उभी होती. गडद हिरवी, लांब नाकाची, पुसून आरशासारखी केलेली. मुंगूस. तुळसाक्का ती बघून पावलभर मागं सरली. डॉक्टर स्वतः बाहेर आले, पन्नाशीचे, हसरे. मागोमाग त्यांची मुलगी नंदिनी, कॉलेजात शिकणारी. आणि बेळगावहून आणलेला मिस्त्री.

"तुळसाक्का म्हणजे तुम्हीच? तुमच्या खुणेवर तर सगळा खेळ आहे," डॉक्टर म्हणाले.

"ती खूण माजी न्हवं."

डॉक्टरांनी आतून पट्ट्या आणल्या. तिनं एक उलटी करून दाखवली. "मी खिळा मागनं मारतो. भोकाची धार फुडं येत्या, बोटाला लागत्या. ही बघा, फुडनं मारल्या. तीन नंबरच्या रॉडला चीर हाय. इंजिन खोला."

मिस्त्री हसला. "चारी रॉड मी टांगून वाजवलेत. घंटेगत वाजले. चीर असती तर बद्द वाजला असता."

"अजून फुटला न्हाई म्हणून वाजतोय."

डॉक्टर अवघडले. इंजिन खोलायचं म्हणजे दोन दिवस. गोव्यात माणसं वाट बघणार. शिवाय ते म्हणाले, "अक्का, राग मानू नका. तुमचं आणि त्यांचं व्यवहारावरून काही बिनसलंय, तुम्ही असं म्हणत याल, हे शेटनी मला आधीच सांगितलं होतं."

मग मी इंग्रजीत सांगितलं. खडू, रॉकेल, रुमाल, सगळं.  डॉक्टरांनी ऐकून घेतलं, अगदी सभ्यपणे, आणि त्या सभ्यपणातच मला कळलं की त्यांचा विश्वास बसलेला नाही.

तुळसाक्कानं पाणी मागितलं. नंदिनीनं आणून दिलं. ते पिऊन ती गाडीकडे गेली, दार उघडलं आणि आत बसली. ड्रायव्हरशेजारच्या जागेवर.

"उद्या पोरगी बसणार ती हीच जागा न्हवं?" ती म्हणाली. "आज मला न्या. घाटात नको, हितंच सडकंवर. पर जोरात पळवा. उद्या जेवड्या जोरात जाणार तेवड्या."

डॉक्टर हसले, पण मिस्त्री, मुलगी, सासरे सगळे बघत होते. ते गाडीत बसले आणि त्यांनी इंजिन सुरू केलं. काय आवाज होता तो. गोड, एकसारखा, कुठंही खोट नसलेला. मला क्षणभर वाटलं, हिची चूक झाली असेल तर?

तुळसाक्कानं दाराची कड दोन्ही हातांनी धरली होती. तिच्या तोंडावरचा रंग पार उतरला होता. डोळे मात्र उघडे. आणि इंजिनाच्या आवाजातही मला ऐकू येत होतं, तिचे दात एकमेकांवर वाजत होते. कडाक्याच्या थंडीत वाजतात तसे. तिला ते थांबवता येत नव्हते. तसल्या दातांनीच ती म्हणाली, "चला."

डॉक्टरांनी गिअर टाकला होता. ते तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी पायरीवर उभ्या असलेल्या नंदिनीकडे बघितलं.  आणि किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं.

"एवढं भ्यालेलं माणूस खोटं बोलायला इतक्या लांब येत नाही," ते मिस्त्रीला म्हणाले. "खोला."

तिला गाडीतून उतरवायला मला आणि नंदिनीला दोन्ही बाजूंनी धरावं लागलं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तीन नंबरचा रॉड बाहेर आला. तुळसाक्कानं त्याला हात लावला नाही. मिस्त्रीलाच सगळं करायला लावलं. रात्रभर रॉकेलमध्ये, सकाळी फडकं, खडू. चहा अर्धा पिऊन होतो न होतो तोच रेघ आली. मिस्त्री तरी म्हणाला, वरवरची असेल. त्यानं रॉड पकडीत आवळला आणि हातोडा मारला. दुसऱ्या घावाला दोन तुकडे झाले. तुटलेल्या तोंडावर अर्धा भाग लख्ख चमकत होता, आत्ता तुटलेला. उरलेला अर्धा काळा, जुना. म्हणजे तो रॉड आधीच अर्धा तुटलेला होता आणि उरलेल्या अर्ध्यावर घंटेसारखा वाजत होता. नंदिनीनं एक तुकडा उचलला आणि लगेच खाली ठेवला. मिस्त्री कुणाकडे न बघता हात धुवायला विहिरीकडे गेला.

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं.

पंधरा दिवसांनी शेट आला, सकाळी, तसाच पांढऱ्या कपड्यांत. शेडच्या दारात उभा राहून म्हणाला, "अक्का, रानात राहता. साप असतोय, आग लागत्या, वारं सुटतंय. जपून ऱ्हावा." एवढंच बोलून गेला. त्यानंतर महिनाभर रोज कुठलीतरी जीप समोरून सावकाश जायची. मग एक दिवस एक ट्रक आला. कुठल्यातरी खात्याचे आहोत असं सांगणारे चार जण उतरले. त्यांनी तिला एक कागद दिला. तिनं तो घेऊन रस्त्यापलीकडे माझ्या दाराकडे बघितलं.

मी दार लोटून फटीतून बघत होते. बाहेर पडले नाही. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, इथंच पहिल्यांदा लिहितेय. मारुतीनं माझं नाव सांगितलं असेल, मी एकटी राहते, माझी नोकरी आहे, हे सगळं त्या एका मिनिटात माझ्या मनातून गेलं आणि माझे पाय हलले नाहीत.

तिनं अडवलं नाही. मांडण्या रिकाम्या झाल्या. फक्त एकदा ती पुढं झाली. त्यांनी कार्बोरेटर पोत्यात आडवे टाकले होते. "उभं ठेवा," ती म्हणाली, "आत सुई असत्या, वाकंल." एकानं खरोखर ते उभे केले. संध्याकाळी तो कागद तिनं मला वाचायला आणला. शिक्का इतका पुसट होता की तो कुणाचा, मला सांगता आलं नाही. मी का आले नाही, हे तिनं विचारलं नाही. डॉक्टर धावत आले, तक्रार करू म्हणाले, साक्ष देतो म्हणाले. ती नको म्हणाली. त्यांनी खूप समजावलं तरी नकोच म्हणाली. आणि एक दिवस शेडला कुलूप लावून कुंभारवाडा नावाच्या गावाला भावाकडे निघून गेली.

पाच-सहा वर्षांनी माझी निवडणुकीची ड्यूटी कुंभारवाड्याला लागली. मतदान आटोपल्यावर, सामान बांधेपर्यंत वेळ होता, म्हणून मी तिची चौकशी केली. भावानं भाताची गिरणी टाकली होती, ती तिथंच असते, असं कळलं. गेले. उन्हं उतरली होती. कोंड्यानं तिचे केस, भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. मला बघून तिनं गिरणी बंद केली, हात धुतले आणि मला पोहे कालवून दिले. खानापूरची, शाळेची, माझ्या लग्नाची चौकशी केली. गाड्यांचा विषय तिनं काढला नाही, मीही काढला नाही. मला माफी मागायची होती. शब्द जुळवत होते, तेवढ्यात बाहेर जीपचा आवाज आला.

तुळसाक्का उठली आणि पोत्यांच्या थप्पीमागं गेली. पोह्यांची बशी हातात तशीच.

"कोण हाय बघा की, बाई."

मी बघून सांगितलं, "आमचीच आहे. निवडणुकीची. मला न्यायला आलीय."

तरी ती लगेच आली नाही. मी पिशवी उचलली, निघते म्हणाले, भावाचा निरोप घेतला आणि जीपमध्ये जाऊन बसले. ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं. तेव्हा ती गिरणीच्या दारात आली. तिथं थोडी थांबली, पदर घट्ट गुंडाळला आणि अंगण ओलांडून पार जीपपर्यंत आली.  तिनं ड्रायव्हरच्या बाजूला जाऊन बॉनेटवर तळहात ठेवला आणि मान तिरकी करून ऐकत राहिली. ड्रायव्हर माझ्याकडे बघायला लागला.

"एक व्हॉल्व्ह सैल हाय," ती त्याला म्हणाली. "आज काय व्हत न्हाई. पर उताराला हळू न्या. आमच्या बाई बसल्यात."